डोक्यावर छेरछेऱ्याचं धान

आमच्या घराचं छत म्हणजे वरच्या वाचनालयाची जमीन होती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

रायपुरात ब्राह्मणपाऱ्याजवळ, गल्ली वळते तिथं मराठी लोकांचं जुनं सभागृह आहे. विदर्भातून रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या लोकांनी इंग्रजांच्या काळात वर्गणी करून ते बांधलं. समोर मोठा हॉल आणि स्टेज. मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांच्या डोक्यावर वाचनालय. मधे स्लॅब नव्हता. सरईच्या, म्हणजे सालाच्या लाकडाच्या जाड तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर. त्याला आम्ही पाटणी म्हणतो. माझे मालक त्या सभागृहाचे चपराशी. खोल्या त्या नोकरीतल्या. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी आले ती थेट त्या पाटणीखाली आले.

पुढे ह्यांचे डोळे गेले. काचबिंदू होता, उशिरा कळला. मग झाडणं, कुलूप उघडणं, सभेला चहा करणं मी करू लागले. नोकरी ह्यांची, काम माझं, खोल्या दोघांच्या, असं चाललं. सभागृह चालवणाऱ्या मंडळात कोणी काही बोललं नाही. लिहूनही कोणी दिलं नाही. मी चौथी शिकले आहे, कागद नसला म्हणजे काय होतं एवढं मला कळतं. पण मागायला गेलं तर कोणाच्या डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात येते, म्हणून मी मागितलं नाही.

इमारतीच्या आत हे काठीशिवाय फिरत. स्टेजवर चढत, वर जाऊन खिडक्या लावत. रस्त्यावर आणून उभं केलं की खांबासारखे उभे राहत, कोणी हात धरेपर्यंत हलत नसत. आमची एकच मुलगी गोंदियाला दिलेली, तिच्या सासरी सात माणसं दोन खोल्यांत. म्हणजे आम्हाला जायला जागा नव्हती, आणि असती तरी ह्यांना तिथं चालता आलं नसतं.

मग राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झालं. रिकामे बंगले मंत्र्यांनी घेतले, रिकाम्या शाळांत सरकारी खाती बसली. गोल बाजारातला भांडेवालाही मला जागेचे भाव सांगू लागला. पूर्वी लोक आमच्या इमारतीकडे बघत ते मान वर करून बघत. आता आडवं बघू लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

एक बिल्डर मंडळात आला. पांढरी गाडी, मिठाईचा डबा. जुनं पाडा, मी कॉम्प्लेक्स बांधतो, वरच्या माळ्यावर तुम्हाला एसी हॉल देतो, असं म्हणाला. कमिटीतल्या अर्ध्या लोकांच्या माना हलल्या. मी चहा देत होते. "पाडाले परवानगी लागते," सेक्रेटरी म्हणाले. "इमारत खतरनाक आहे, असं एखाद्या सरकारी माणसानं एकदा लिहून दिलं की झालं," असं बिल्डर म्हणाला, आणि ते त्यानं फार गोड आवाजात म्हटलं. तेव्हापासून 'खतरनाक' हा शब्द माझ्या पोटात बसला.

पण सेक्रेटरींना पाडायचं नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, त्यांच्या वडिलांची वर्गणी या भिंतींत होती. त्यांनी सरकारी योजना शोधून काढली. जुनी सार्वजनिक इमारत दुरुस्त करून लोकांच्या उपयोगाला लावायची असेल तर सरकार पैसा देणार, काही हिस्सा संस्थेनं जमवायचा. आणि लोकांना ही इमारत हवी आहे, हे योजनेच्या मोठ्या साहेबाला दिसलं पाहिजे. उपयोगही ठरला. नव्या राज्यात नोकऱ्यांच्या परीक्षा निघत होत्या, मुलामुलींना बसून अभ्यास करायला जागा नव्हती. वाचनालयात अभ्यासिका काढायची.

त्या सभेत हिश्शाचा पैसा कुठून आणायचा यावर बोलणं चाललं.

"आपले लोक देतीन नं. गणपतीले देतात."

"गणपतीले जेवण असते म्हणून देतात."

"पोट्टे त मराठीत उत्तर नाही देत. 'अंकल, बाद में' म्हणतात अन् दरवाजा लावतात."

महिला शाखेच्या अध्यक्ष होत्या त्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या म्हणाल्या, "छेरछेऱ्याले निघू. त्या दिवशी मागाले लाज नाही, अन् कोणी परत पाठवत नाही."

छेरछेरा म्हणजे इकडची पौष पुनवेची रीत. भाताचं पीक, म्हणजे धान, घरात आलेलं असतं. लहान-मोठे झोळ्या घेऊन दारोदारी जातात, "छेरछेरा" असा आवाज देतात, आणि घरची बाई ओंजळभर, सूपभर धान घालते. त्या दिवशी रिकाम्या हातानं कोणाला पाठवायचं नसतं. आम्ही मराठी लोक इतकी वर्षं त्या दिवशी देत आलो होतो. मागायला कधी निघालो नव्हतो.

"आपण मागाचं?" सेक्रेटरी म्हणाले. "लेकरासारखं?"

"मंग बिल्डरच्या पाया पडा," बाई म्हणाल्या.

लोक हसले आणि ठरलं.

आता मंडळाची चूक सांगते. हे सगळे पगारावर जगलेले लोक. त्यांनी रीत पाहिली, रीतीत काय देतात ते विसरले. छापील पावत्या काढल्या, पावतीवर रुपयांची जागा. शहरात लोक नोटा देतील असा हिशेब. काही घरी दिल्याही. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सुना-मुली आजूबाजूच्या गावांत मास्तरणी. त्या ओळखीनं मंडळाचे लोक जीप करून गावांकडेही गेले. तिथं पावतीपुस्तक उघडून उभ्या राहिलेल्या बाईंना एका म्हातारीनं सूप पुढे करून विचारलं, "काबर लिखथस बहिनी? धान आय, ले जा." लिहितेस कशाला, धान आहे, घेऊन जा. आता नाही कसं म्हणणार? मागायला तर तुम्हीच आलात. साड्यांच्या, चादरींच्या झोळ्या भरल्या. एका गावात आमच्या जुन्या सभासदानं आयुष्यभर शाळा चालवली होती. त्या गावानं अख्खी ट्रॅक्टरची ट्रॉली पाठवली.

संध्याकाळी ट्रॉली गल्लीत घुसली आणि मी दारात आले. हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. "कहाँ रखबो दाई?"

मी काही बोलायच्या आत सेक्रेटरींनी बोट वर केलं. "ऊपर, वाचनालय में."

"साहेब, वर नको," मी म्हटलं. "हॉलात ठेवा."

"हॉल किरायानं दिला आहे मावशी. अन् खाली उधई आहे, पोते खाऊन टाकीन."

"पाटणी जुनी आहे."

"इतके वर्ष पुस्तकं राह्यलेच नं वर? पुस्तकापेक्षा धान हलकं." त्यावर सगळे पुन्हा हसले. त्या दिवशी ते कशालाही हसत होते. ज्यांनी आयुष्यात कधी कोणापुढे हात पसरला नव्हता त्यांची झोळी भरली होती, त्याची ती नशा होती.

मी आत जाऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. वर हमाल चालला की पाऊल ऐकू येई, पोतं टाकलं की दणका. दणक्यागणिक थोडी माती खाली येई. हे खाटेवर बसून म्हणाले, "किती आणलं वो?"

"पुष्कळ."

"बरं झालं," हे म्हणाले. चेहरा मात्र वर केलेलाच होता.

मी समजत होते की आठवड्यात धान विकून टाकतील. सेक्रेटरींच्या डोक्यात वेगळं होतं. बँकेतला पैसा साहेबाला दिसत नाही, ढीग दिसतो. लोकांना इमारत हवी आहे याची साक्ष म्हणून साहेब पाहणीला येईपर्यंत धान तसंच ठेवायचं. बाईंनी वर जाऊन दाराला तोरणही बांधलं. आणि साहेब येईना. एकदा मंत्र्याचा दौरा निघाला, एकदा साहेब दिल्लीला गेले, मग त्यांची बदली झाली आणि नवे साहेब यायचे होते. तोवर बातमी पसरलेली. ज्यांच्याकडे आम्ही गेलो नव्हतो तेही पोतं आणून टाकू लागले. हव, रख दो, मराठी मन के लाइब्रेरी बर आय, म्हणजे मराठी लोकांच्या वाचनालयासाठी आहे. चांगली माणसं. मी त्यांना शिव्या देत होते, मनातल्या मनात.

पहिल्यांदा वरणात माती पडली. मी ताट झाकू लागले. मग मधलं दार चौकटीला घासायला लागलं. खांद्यानं ढकलावं लागे. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे ठीक, पण तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. मग दुपारी, गल्ली निजलेली असताना, वरून आवाज येऊ लागला. माणूस झोपेत दात खातो तसा. जोरात नव्हे. आवाज आला की मी हातातलं काम तसंच ठेवून थांबे आणि तो गेला तरी बराच वेळ तशीच थांबलेली असे.

मधल्या तुळईला खालच्या बाजूनं चीर होती. स्टुलावर चढून मी तिच्यात सुई घातली, गेली. काही दिवसांनी काडेपेटीची काडी गेली. त्यानंतर मी चमच्याचा दांडा घालून पाहिला, आणि तोही गेला.

सांगायचं कोणाला? सांगितलं की साहेब येणार, इंजिनियर येणार आणि तो शब्द लिहिणार. मग बिल्डरला जे हवं होतं ते माझ्या तोंडून मिळणार. इमारत जाणार, आमच्या खोल्या जाणार. नाही सांगितलं तर तुळई ह्यांच्या खाटेवर. मी खाट भिंतीकडे सरकवली. रोज पहाटे उठले की आधी वर बघायचे, मग ह्यांच्याकडे.

दुसऱ्या वाटेनं प्रयत्न केला. सेक्रेटरींना म्हटलं, "वर उंदीर झाले. धान विकून टाका."

"मांजर पाळा मावशी. दूध मंडळ देईल."

"मांजर किती खाणार?"

"मंग दोन पाळा."

मांडववाल्याकडून मी एक बल्ली, मांडवाचा लाकडी खांब, मागून आणली. "काहून पाहिजे मावशी?" त्यानं विचारलं. "कपडे वाळू घालाले," मी सांगितलं. तुळईखाली उभी केली, बुडाशी विटा, वर लाकडाची चीप ठोकली. कोणी आलं तर दिसू नये म्हणून तिच्यावर जुनं लुगडं टाकलं. दुसऱ्या दिवशी हे तिच्यावर आदळले.

"हे काय आहे मधात?"

"खांब."

"खांब कवा आला?"

"आला काल."

"मले न विचारता?"

"तुमी कोण, कलेक्टर?"

ह्यांनी बल्लीला हात लावला. हात वर वर नेला, टाचा उंचावून तुळईपर्यंत पोचवला आणि चिरेत बोट घातलं. बोट आत राहिलं. मी बघत होते.

"सांगतलं का कोणाले?"

"नाही."

"नको सांगू," हे म्हणाले. "इथून काढलं त मी कुठी चालीन?"

माझी भीती एकटीची होती तेव्हा बरी होती. आता दोघं गप्प बसून वर ऐकायचो. जेवतानाही बोलत नव्हतो, कारण बोलण्यात आवाज बुडला असता.

बिल्डर एकदा एकटाच आला. थेट आमच्या खोलीत. लुगड्याकडे बघून म्हणाला, "माताजी, कपड़े घर के अंदर सुखाते हो?"

"बाहर बंदर हैं."

त्यानं मान वर केली. चीर त्याला दिसली की नाही देव जाणे, मी आड उभी होते. "डर नहीं लगता यहाँ?"

"लगता है. कोई तुम्हारे जैसा आता है तब."

तो हसला, वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाला, कॉम्प्लेक्समध्ये चौथ्या माळ्यावर तुम्हाला एक खोली देतो, कमिटीत तुम्ही फक्त एवढं सांगा की इथं राहायची भीती वाटते. मी विचारलं, आंधळा माणूस चौथ्या माळ्यावर कसा जाईल? "लिफ्ट रहेगी ना माताजी." मी म्हटलं, "लाइट गई तो तुम कंधे पर ले जाओगे?" मिठाईचा डबा ठेवून गेला. मिठाई आम्ही खाल्ली. चांगली होती. पण ती खाताना मला वाटत राहिलं की हा म्हणतो ते खरंच तर आहे, भीती वाटतेच. खरी गोष्ट सांगायला तोच एकटा मला सांगत होता, आणि त्यालाच ती सांगायची नव्हती.

शेवटी नवे साहेब येणार असा निरोप आला. त्यांच्याबरोबर जुन्या इमारतींचं शिकलेली एक तरुण मॅडमही. मंडळात लग्नघरासारखी गडबड. गेटपासून रांगोळी. बाईंनी ओवाळणीचं ताट सजवलं. वर ढिगाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, खुर्च्या मांडल्या. पाहुणा आला की त्याला सगळ्यांनी मिळून आत न्यायचं, एकट्याला जाऊ द्यायचं नाही, ही आमची पद्धत. म्हणजे सगळे वर जाणार. धान, खुर्च्या, आणि चौबे कॉलोनीपासून रेल्वे क्वार्टरपर्यंतच्या झाडून सगळ्या वहिन्या, ताया, काका.

"मावशी, चहा वरच आणा," बाई म्हणाल्या.

"बाई, खालीच बसवा नं त्यांना. हॉल मोठा आहे."

"अवं, ढीग खाली आहे का?"

सांगायची ती वेळ होती. माझ्या ओठापर्यंत आलं होतं. बाईंचं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे होतं आणि मी चहा ठेवायला वळले.

ह्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. मी म्हटलं, चला, अंगणात बसा. ऐकेनात. "साहेब खाली येतीन त नमस्कार करीन. चपराशी आहो मी इथला." खाटेवर ताठ बसून राहिले. गाड्यांचा आवाज आला, टाळ्या वाजल्या, आणि जिन्यावर पावलंच पावलं. मी स्टोव्हजवळ होते. दूध वर येत होतं, पण मी दुधाकडे बघत नव्हते, बल्लीच्या बुडाकडे बघत होते. सगळ्यांत वरची वीट फुटली. फुटली म्हणजे काही आवाज नाही झाला, नुसती मधोमध रेघ उमटली आणि अर्धी बाजूला सरकली. पांढऱ्या शर्टावर माती आली.

"ऐकलं का?" हे म्हणाले.

मी स्टोव्ह बंद केला, ह्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. चपला घालू दे म्हणत होते. तसेच ओढत अंगणात आणून भिंतीला टेकवले. मग जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि ओरडले. आयुष्यात तशी ओरडले नसेन.

"खाली उतरा! सगळेच्या सगळे उतरा! पाटणी बसून राहिली!"

वरची पावलं थांबली. मला वाटलं, आता. आता येणार खाली सगळं. डोळे मिटले मी. मग त्या मॅडमचा आवाज आला, अगदी शांत. "दीवार के साथ-साथ आइए. एक-एक करके. भागना नहीं है."

लोक उतरले. बाईंच्या हातातलं ताट तिरपं झालं होतं आणि कुंकू सगळ्या हातावर. कोणाला काही झालं नाही. तुळईही पडली नाही. पुढे कळलं की मॅडमनी मागच्या लोकांना वरच्या दारातच थांबवलं होतं, मधल्या फळ्या बसल्यात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि मी ओरडले तेव्हा त्या सगळ्यांना परतच पाठवत होत्या. पुढची चार-पाच माणसं तेवढी आत गेली होती. म्हणजे मी ओरडले नसते तरी लोक उतरणारच होते. फरक एवढाच की ओरडले म्हणून साहेब आमच्या खोलीत आले.

त्यांनी लुगडं बाजूला केलं. बल्ली, फुटलेली वीट, चीर. "ये किसने लगाया?"

हे दारातून म्हणाले, "मैंने, साब."

साहेबांनी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, "मैंने लगाया."

"यहाँ रहता कौन है?"

आता सेक्रेटरींनी सांगायला हवं होतं. चपराशी, त्याची बायको, इतक्या वर्षांपासून. ते घाबरले होते, समजतं मला. म्हणाले, "ऐसे ही... रहते हैं, सर."

ऐसे ही.

साहेब बाहेर जाऊन बोलू लागले. मी मॅडमला गाठलं. मुलगी माझ्या नातीच्या वयाची, पँट-कुडता, पायात बूट. विचारलं, "खतरनाक लिखोगे?"

"पीछे का ये फ़र्श खतरनाक है, दाई. वो लिखना पड़ेगा."

"गिराएँगे?"

"नहीं नहीं. आगे की दीवारें बहुत अच्छी हैं. यहाँ नई लकड़ी डालेंगे, नीचे लोहा देंगे. गिराने की ज़रूरत नहीं, ये भी लिखूँगी." आणि मग म्हणाल्या, "पर आज से यहाँ कोई नहीं सोएगा."

माझा जीव भांड्यात पडला. इमारत राहणार होती. मी विचारलं, "काम हो गया, फिर आ जाएँ?"

हातातला नकाशा त्यांनी उघडून दाखवला नाही, नुसता धरून ठेवला. "बाद में तो ये दोनों कमरे पढ़ाई वाले हॉल में जाएँगे, दाई. नक्शे में रहने का कमरा नहीं है. शुरू से ही नहीं है."

सेक्रेटरी मागेच उभे होते. मी वळले. "साहेब, तुमाले माहीत होतं?"

ते रांगोळीकडे बघत म्हणाले, "करू नं मावशी काहीतरी. तुमाले रस्त्यावर थोडीच टाकू."

म्हणजे ज्या खोल्यांसाठी मी चीर लपवली, माती खाल्ली, बाईंना तोंडावर सांगायचं टाळलं, त्या खोल्या नकाशा काढला त्या दिवशीच गेल्या होत्या. मग त्या तुळईखाली ह्यांना झोपवलं ते कशासाठी? मी रडले नाही. तापवलेलं दूध काढून ठेवलं आणि भांडी बांधायला घेतली. भांडी बांधतानाही वर बघतच होते.

संध्याकाळपर्यंत तेच हमाल तेच धान खाली उतरवत होते. भिंतीच्या कडेनं, मॅडमनी सांगितलं तसं. ढीग मात्र साहेबांच्या मनात भरला होता. लोकांनी धान दिलं हे त्यांनी फाइलमध्ये घातलं म्हणे. धान विकलं गेलं, हिस्सा जमला, सरकारचा पैसा आला, यायला लागला तेवढा वेळ लागलाच. बिल्डर दुसऱ्या गल्लीत गेला.

आम्हाला मंडळानं चौबे कॉलोनीत एका सभासदाचं बंद घर राखायला दिलं. घरमालकाची मुलं पुण्याला. घर विकेपर्यंत राहा, झाडलोट करा. अजून विकलं गेलं नाही. गेटशी कोणी गाडी थांबवून वर बघितलं की मी पडद्याआड जाते. ह्यांना त्या घरात चालता येत नाही. सगळीकडे एकसारखी गुळगुळीत फरशी, पायाला कळतच नाही कुठं आलो. पलंग ते मोरी, मोरी ते पलंग. तेही माझा हात धरून.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला रिक्षा पाठवली होती. आम्ही गेलो. बाहेरून इमारत चांगली दिसत होती, खोटं कशाला बोलू. चुन्याचा पांढरा रंग, खिडक्यांना जुन्यासारख्याच लाकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या. ह्यांनी गेटवर माझा हात सोडला. अंगण ओलांडलं, दोन पायऱ्या चढले, आणि आमच्या जुन्या खोलीत सरळ चालत गेले, त्या घरात कधी चालले नाहीत तसे. खाट होती तिथं टेबल होतं. एक मुलगी पुस्तक उघडून बसली होती.

"सरक बाई थोडी," हे म्हणाले.

"अंकल, ये सीट रिज़र्व है."

"कोणासाठी?"

ती काही समजली नाही. उठून तिनं खुर्ची दिली. हे बसले नाहीत. हात वर करून उभे राहिले, पण छत आता उंच नेलं होतं, हाताला काही लागेना.

दारात बाई होत्या. "मावशी, या नं आत. पेढा घ्या."

माझा पाय उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. वर पोरं चालत होती. नवं लाकूड, खाली लोखंडाचा गर्डर, मॅडमनी स्वतः उभं राहून बसवलेला. पाऊल वाजलं की माझी मान आपोआप वर जाई.

"बाहेरच बरं," मी म्हटलं.

"येऊन नाही राहिली का?" हे आतून ओरडले. "पक्कं आहे. काही नाही होत."

"तुमाले काय दिसते?"

"तुले दिसते त तू ये पाहाले."

लोक हसले. मी गेले नाही. रस्त्याच्या कडेला, इमारतीची सावली पडत नाही तिथं उभी राहिले आणि ह्यांना हाका मारत राहिले, बाहेर येईपर्यंत.